तिचं नक्की काय दुखत होतं?

खानापूरकडची एक मुलगी. एसएसएलसीपर्यंत मराठी शाळा, मग सायन्स, मग नर्सिंग. आता बेळगावातल्या एका दवाखान्यात स्टाफ नर्स आहे आणि परदेशी जायचं म्हणून ओईटी, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी असलेल्या इंग्रजीच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे. तिनं विचारलंय: "मॅडम, पेन, एइक, हर्ट, सोअर, या चारींपुढं डिक्शनरीत 'दुखणे' एवढंच लिहिलंय. मग फरक काय? आणि वाचनाच्या उताऱ्यात 'शी एइक्ट फॉर होम' असं वाक्य आलं. तिथं तिचं नक्की काय दुखत होतं?"

नर्सिंगच्या मुलामुलींना मी इंग्रजी शिकवते. या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतं. दुसरा अर्धा मात्र उतारा नीट वाचणाराच विचारतो, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

हा शब्द ए-सी-एच-ई असा लिहितात आणि उच्चार आपल्या 'एक' आकड्याच्या अगदी जवळ जातो, फक्त 'ए' थोडा लांबवायचा. केक, मेक, लेक यांच्याशी त्याचं यमक जुळतं. आकड्याशी गोंधळ नको म्हणून मी इथं 'एइक' लिहिते. वर्गात 'आचे' ऐकायला मिळतं, 'एच'ही मिळतं. 'एच' म्हणणाऱ्याला मी कुणाला हसू देत नाही, कारण शेक्सपियरच्या काळात हे नाम तसंच उच्चारलं जाई. क्रियापद 'एइक' आणि नाम 'एइच'. जसं स्पीक आणि स्पीच, वेक आणि वॉच. पुढं नामानंही क्रियापदाचा उच्चार उचलला, स्पेलिंग मात्र नामाचं राहिलं. १७५५ साली सॅम्युअल जॉन्सननं आपल्या शब्दकोशात हा शब्द ग्रीक 'आखोस'वरून आला असं धरलं आणि सीएच पक्कं केलं. शब्द मूळचा जुन्या इंग्रजीतला, ग्रीकशी त्याचा काही संबंध नाही, पण चिकटलं ते चिकटलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन फिलिप केंबल नावाचा लंडनचा मोठा नट रंगमंचावर हट्टानं जुना 'एइचेस' असा उच्चार करायचा आणि प्रेक्षक त्याच्यावर ओरडायचे. ते असो. तू 'एइक' म्हण.

आता तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर. या शब्दात वेळ भरलेला आहे. दुखणं किती जोराचं आहे याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. जे दुखणं मंद असतं, पसरलेलं असतं आणि मुख्य म्हणजे राहतं, जात नाही, ते एइक. हे एकदा धरलंस की घराच्या ओढीचा अर्थही आपोआप सुटतो, कारण ती ओढही तशीच असते, आत कुठंतरी चालूच राहणारी.

आमच्या मुलांचा पहिला गैरसमज हा की पेन म्हणजे मोठं दुखणं आणि एइक म्हणजे बारकं. दाढ दुखून ज्यानं रात्र काढली आहे त्याला विचार. ते टूथेकच असतं, आणि बारकं अजिबात नसतं.

पेन हा सगळ्यांना पोटात घेणारा शब्द आहे. लॅटिन 'पोएना' म्हणजे दंड, शिक्षा. तिथून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला आणि पेनल्टीही त्याच घरातली. कसलंही दुखणं असलं तरी पेन चालतं, म्हणूनच नुसतं 'पेन' लिहिल्यानं डॉक्टरला काही कळत नाही. हर्ट म्हणजे लागणं, इजा होणं. त्यात बहुतेक वेळा बाहेरचं काहीतरी कारण असतं, चप्पल, दगड, सुई, एखाद्याचं बोलणं. सोअर म्हणजे हात लावला किंवा तो भाग वापरला की दुखणारं, हुळहुळं झालेलं. घसा सोअर असतो, त्याला थ्रोट-एइक म्हणत नाहीत. इंजेक्शनची जागा दुसऱ्या दिवशी सोअर असते. एइक मात्र हात लावा, लावू नका, चालू असतं.

पेशंटकडं बघूनही यातलं बरंच कळतं. टोचणारं, कापणारं दुखणं दाखवताना माणूस एक बोट ठेवतो, "हितं". एइक दाखवताना तो अख्खा तळवा फिरवतो, "ह्ये सगळं". शरीरात त्याचं कारणही आहे. पायाचा अंगठा उंबऱ्याला ठेचला की आधी एक झणझणीत कळ जाते आणि क्षणभरानं मागून ती दुसरी, मंद, पसरत जाणारी वेदना येते. पहिली कळ ए-डेल्टा नावाच्या मज्जातंतूंमधून साधारण सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगानं जाते. दुसरी सी तंतूंमधून, सेकंदाला जेमतेम मीटर-दोन मीटर. हे तंतू मायलिनचं वेष्टण नसलेले आणि बारीक. तू फिजिऑलॉजीत हे शिकली आहेस. ती मागाहून येऊन बसणारी दुसरी वेदना, ती एइकच्या जवळची.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. वेदना सांगायचे ७८ इंग्रजी शब्द, २० गटांत लावलेले. त्यात 'एइकिंग' कुणाशेजारी बसलाय बघ: डल, सोअर, हर्टिंग आणि हेवी. म्हणजे बोथट आणि जड. थ्रॉबिंग, पाउंडिंग हे शब्द वेगळ्या गटात, शूटिंग आणखी वेगळ्या. तुझ्यासारखीनं हे गट एकदा वहीत उतरवून काढावेत असं मला वाटतं, कारण आपल्याकडं या प्रत्येक गटाला मराठी शब्द तयार आहे आणि तो पेशंट रोज तुझ्या कानावर घालतो आहे. आपणच ते सगळे शब्द गोळा करून त्यांचं एकच 'पेन' करून टाकतो.

वॉर्डातली भाषा घे. "गुडघं ठणकायलेत" म्हटलं तर ठणका हा ठोक्याबरोबर येतो, तो थ्रॉबिंग. गळू पिकलं की "ठसठसतंय" तेही थ्रॉबिंगच, पण एका जागी. "पोटात कळ मारायलीय" हे येऊन-जाऊन दुखणं, ते क्रॅम्प किंवा कॉलिकी पेन. तिथं एइक लिहिलंस तर डॉक्टरच्या डोळ्यासमोर चुकीचं पोट उभं राहील. "पाठीत चमक भरली" म्हणजे अचानक, हालचालीबरोबर आलेली शार्प पेन. "कमरेपासून टाचेपर्यंत सणक जाती" हे शूटिंग. ते ऐकलं की कमरेच्या नसेचा विचार डोक्यात यायला हवा. लघवीला "चुरचुरतंय", "आग हुतीया" ते बर्निंग किंवा स्टिंगिंग.

मग एइक कुठं? "पायाला रग लागलीय", "पाय वडायलेत", "अंग मोडून आलंय", "कंबर धरलीय". हे सगळे एइकचे. निपाणीकडं दिवसभर मांडी घालून, मान खाली घालून विड्या वळणाऱ्या बायका येतात, त्यांची मान आणि पाठ. शहापूर-वडगावच्या मागावर बसणाऱ्यांचे खांदे. भाताची रोप लावण संपली की खानापूर आणि बेळगाव तालुक्यातल्या बायकांच्या कमरा. यातलं कुठलंच दुखणं एका क्षणी सुरू झालेलं नसतं. "कधीपासून?" विचारलं तर उत्तर येतं, "कवापास्नं म्हणून सांगू!" हे उत्तर आलं की इंग्रजीत निःशंक एइक लिही. ताप यायच्या आधी अंग कसकसतं तेव्हा बॉडी-एइक चालतं, पण कसकशीत थोडी थंडीही असते, तेव्हा चिल्स वेगळं विचार.

आपल्या भागात अर्ध्या पेशंटांशी तू कन्नडमधून बोलत असणार. तिथं 'नोवु' हा पेनसारखा सर्वांना पुरणारा शब्द आहे, तलेनोवु, होट्टेनोवु, आणि "तली नोयाकत्तैति" म्हणजे डोकं दुखतंच आहे, चालूच आहे. त्या क्रियापदातच चालू असल्याची खूण आहे, अगदी आपल्या "दुखायलंय"सारखी. 'बेने' हा शब्द मात्र जपून. बाळंतपणाच्या वेणांनाही बेने म्हणतात. आपली वेण आणि त्यांची बेने दोघीही संस्कृत वेदनेच्याच. लेबर वॉर्डात कुणी बेने म्हणालं तर ते एइक नव्हे, कॉन्ट्रॅक्शन्स.

'दुखणं' या शब्दातही आपल्याकडं एक खाच आहे. "मोठं दुखणं काढलं", "दुखण्यातनं उठलाय" यात वेदना नसते, आजार असतो. सासऱ्यांचं दुखणं म्हणजे कावीळही असू शकते. केस हिस्टरी घेताना "आधी काही दुखणं?" विचारलंस आणि पेशंटनं हो म्हटलं तर 'पास्ट पेन' लिहू नकोस, 'पास्ट इलनेस' लिही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा, दुसरी आवृत्ती १८५७ची, म्हणजे जुनाच; पण असल्या शब्दांसाठी मी अजून तोच उघडते, कारण एका शब्दापुढं एकच प्रतिशब्द ठेवून तो मोकळा होत नाही.

व्याकरण थोडक्यात उरकते. एइक क्रियापदाचा कर्ता दुखणारा अवयव किंवा ज्याचं दुखतं तो माणूस. 'माय बॅक एइक्स' बरोबर. चप्पल लागली तर 'द शू हर्ट्स मी' चालेल, 'द शू एइक्स मी' कधीच नाही. मराठीत "माझं डोकं दुखतं" यात कर्ता डोकंच आहे, त्यामुळं ही रचना आपल्याला सोपी जायला हवी. तरी आपण 'माय हेड इज पेनिंग' म्हणतो. सगळा भारत म्हणतो, आणि इथल्या वॉर्डात ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही, समोरच्याला कळतं. पण ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात पेन हे क्रियापद बहुतेक मनाच्या बाबतीतच येतं, 'इट पेन्स मी टू से' असं, म्हणजे सांगताना वाईट वाटतं. परीक्षेत 'एइकिंग' किंवा 'हर्टिंग' वापर.

जोडशब्द मोजकेच आहेत: हेडेक, टूथेक, इअरेक, बॅकेक, स्टमकेक. नी-एइक, आय-एइक, लेग-एइक होत नाही. तिथं 'पेन इन द नी' म्हणायचं किंवा 'माय नीज एइक'. छातीचंही चेस्ट पेनच. हेडेकच्या आधी 'अ' हवंच. टूथेक, बॅकेक यांच्या आधी ब्रिटिश लोक बऱ्याचदा 'अ' गाळतात, अमेरिकन घालतात, दोन्ही चालतं. बेलीएक हा शब्द पोटदुखीचाच, पण क्रियापद झाला की त्याचा अर्थ उगाच कुरकुर करणं. 'एइक्स अँड पेन्स' ही जोडगोळी म्हातारपणाच्या किरकोळ दुखण्यांसाठी, आपल्या "हात-पाय, कंबर, चालायचंच" या सुरात.

आता हार्टेक. हा शब्द बघून मला धडकी भरते, कारण तो चार्टवर लिहिलेला मी पाहिला आहे. हार्टेक म्हणजे मनाचं दुःख, विरह, प्रेमभंग. हृदयविकाराशी त्याचा काही संबंध नाही. छातीत दुखत असेल तर चेस्ट पेन, आणि त्यापुढं पेशंटचे शब्द. आमच्याकडचा म्हातारा माणूस "छातीत दुखतंय" असं म्हणेलच असं नाही. तो म्हणेल, "छाती दाटल्यागत हुतीया", "वर कुणी बसल्यागत". ते टाइटनेस, हेविनेस, प्रेशर. जबडा, डावा हात, खांदा यांत मंद दुखणं असेल तर तिथं एइक लिहायला हरकत नाही, उलट तेच बरोबर, पण 'एइक' लिहिलं म्हणून ते किरकोळ समजून कागद बाजूला ठेवायचा नाही. बायकांमध्ये आणि शुगरवाल्यांमध्ये हृदयविकाराचं दुखणं असं बोथटच येऊ शकतं. असं काही ऐकलंस तर शब्द शोधत बसू नकोस, आधी डॉक्टरला हाक मार.

उताऱ्यातल्या बाईकडं येऊ. 'शी एइक्ट फॉर होम.' इथली किल्ली 'फॉर'मध्ये आहे. एइकनंतर 'फॉर' आला आणि त्यापुढं माणूस, गाव किंवा वस्तू आली की अर्थ ओढीचा. त्यापुढं वेळ आली, 'फॉर डेज', 'फॉर अ वीक', की अर्थ शरीराचा: इतके दिवस दुखत होतं. नुसतं 'शी एइक्ट ऑल ओव्हर' म्हणजे तिचं अंग दुखत होतं. एइकनंतर 'टू' आणि क्रियापद आलं, 'शी वॉज एइकिंग टू गो होम', तर कधी एकदा घरी जाते असं झालं होतं. आणखी एक वळण आहे, ते मुलांच्या लक्षात येत नाही. 'हर हार्ट एइक्ट फॉर द चाइल्ड' या वाक्यात ते मूल तिच्या शेजारीच असू शकतं. तेव्हा त्याचा अर्थ ओढ नसतो, तिचा जीव त्या मुलासाठी कळवळला असा असतो. हे मागच्या-पुढच्या वाक्यांवरूनच ठरतं.

ओढीसाठी इंग्रजीत आणखी शब्द आहेत आणि गंमत म्हणजे त्यातल्या काहींच्या मुळाशीही एकतर वेदना आहे नाहीतर लांबलेला वेळ. 'लाँग फॉर' मधला लाँग हा लांब याच अर्थाचा. जुन्या इंग्रजीतल्या क्रियापदाचा भाव लांब वाटणं, लांबत जाणं असा होता. 'पाइन' म्हणजे झुरणं, आणि पाइन व पेन हे त्याच लॅटिन 'पोएना'चे. पाइनमध्ये माणूस खंगतो, जेवण तुटतं. क्रेव्ह हे जास्त करून खाण्यापिण्याचं, व्यसनाचं. डोहाळ्यांना क्रेव्हिंग्ज म्हणतात. मिस हा सगळ्यात साधा आणि रोजचा. तुला हॉस्टेलवर आईची आठवण आली तर 'आय मिस माय मदर' म्हण. 'आय एइक फॉर माय मदर' बरोबर आहे, पण ते कवितेत किंवा फार जवळच्या माणसाशी बोलताना शोभतं.

होमसिक हा शब्द तर तुझ्या खात्याचाच. त्याहून जास्त नॉस्टॅल्जिया. हल्ली तो जुनी गाणी, जुने फोटो यांच्यासाठी गोड अर्थानं वापरतात, पण जन्मला तो रोगाचं नाव म्हणून. १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथं योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं आपल्या प्रबंधात हा शब्द घडवला. घरापासून लांब राहणाऱ्या स्विस लोकांना, त्यात परदेशी फौजांत चाकरी करणारे शिपाईही होते, एक आजार होतो असं तो म्हणत होता: झोप जाते, अन्न जात नाही, मन सतत गावाकडं. जर्मनमध्ये त्याला हाइमवेह, घरदुखी, असा शब्द होताच. होफरनं ग्रीक 'नोस्तोस' म्हणजे घरी परतणं आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना हे दोन जोडले. हा आल्गोस तू रोज लिहितेस: मायाल्जिया, न्यूराल्जिया, आर्थ्राल्जिया, अ‍ॅनाल्जेसिक. स्नायूंची वेदना, नसेची, सांध्याची, आणि ही परतण्याची. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. रंगरूट म्हणून आलेल्या पोरांशी कधी बोललीस तर होफर काय म्हणत होता ते कळेल.

मराठीत याला काय म्हणायचं? वर्गात मुलं पटकन 'ओढ' सुचवतात. ओढ वाईट नाही, पण तिच्यात पुढं खेचणारा आनंद असतो. पंचमी जवळ आली, भाऊ न्यायला येणार, तेव्हा माहेराची ओढ. हुरहूर त्याहून हलकी आणि बिनपत्त्याची. कशाची ते धड सांगता येत नाही. तळमळीत अस्वस्थपणा जास्त, ती माणसाला कूस बदलायला लावते. झुरणं म्हणजे पाइन. करमत नाही हे होमसिकला अगदी नेमकं. एइक फॉर होमला मी "घरासाठी तिचा जीव तुटत होता" म्हणेन. त्यात दुखणंही आलं आणि चालू राहणंही आलं. उताऱ्यातल्या बाईचं काही दुखत नव्हतं आणि तरी दुखत होतं, ते या क्रियापदात बसतं.

इथं तुझ्यासारख्या नर्ससाठी एक धोक्याची जागा आहे. इंग्रजी माणसाचं दुःख हृदयात असतं. मराठी माणसाचं पुष्कळदा पोटात असतं. आतडं तुटतं, पोटात तुटतं, पोटात कालवतं, पोटतिडीक लागते. काळीज म्हणजे खरं तर यकृत, पण काळजात कळ उठते तेव्हा कुणी लिव्हरचं बोलत नसतं. मुलगा गोव्याला नाहीतर मुंबईला कामाला, फोन येत नाही, आणि म्हातारी ड्रेसिंग करताना सांगते, "लेकरू डोळ्याम्होरं आलं की पोटात कालवतंय बाय." चार्टवर नॉशिया, म्हणजे मळमळ, पडायला वेळ लागत नाही. दुसऱ्या बाजूनं, "पोटात कालवतंय" म्हणणाऱ्या बाईला खरंच मळमळतही असतं. म्हणून विचारायचं: "उलटी हुईल असं वाटतंय, का जीवाला बरं वाटंना?" ती सांगते. आपण विचारत नाही, एवढाच काय तो प्रश्न. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली आपली व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत दोन गोष्टी नोंदवल्या: माणूस वेदना सांगतो तेव्हा त्याचं म्हणणं मानलं पाहिजे, आणि तोंडानं सांगणं हा वेदना दाखवायचा फक्त एक मार्ग आहे. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्याकडच्या बायका डोळे मिटून, पदर दातात धरून बरंच काही सांगतात, आणि स्केलवर शून्य ते दहात किती म्हटलं की "बरं हाय" म्हणतात.

कुणीतरी विचारेलच म्हणून 'सल' या शब्दाबद्दलही सांगते. आत राहिलेला काटा जसा रुपत राहतो तसं सलणं. तो शरीरालाही चालतो, मनालाही. वेळही त्यात आहे. मग एइकला सल का नको? कारण सल मागं बघतो. झालं ते झालं, ते टोचतं. त्यात अपमान असतो, राहून गेलेलं काही असतं. एइक फॉर मध्ये जे हवं आहे ते अजून मिळू शकतं. आपल्या भागात सल म्हटलं की १९५६ची राज्य पुनर्रचना आणि सीमाप्रश्न डोक्यात येतोच. त्याबद्दलच्या एखाद्या बातमीचं इंग्रजी करायला दिलं तर काही मुलं तिथं एइक लिहितात. लिहिणाऱ्याला जुनी तक्रार म्हणायचं असेल तर ग्रीव्हन्स, चिघळलेला विषय म्हणायचं असेल तर सोअर पॉइंट. आणि कुणाला खरोखर ओढच सांगायची असेल तर लाँगिंग. कुठला शब्द घ्यायचा हे ज्याचं वाक्य आहे त्याच्या मनावर. भाषांतर करणाऱ्यानं आपलं मत त्यात घालू नये.

राहिली परीक्षा. लेखनात तुला एक पत्र लिहायचं असतं, बहुतेक रेफरल किंवा डिस्चार्जचं, साधारण १८० ते २०० शब्दांचं. त्यात एइकचा ओढीचा अर्थ अजिबात वापरू नकोस. पेशंटला घरची आठवण येत असेल आणि ते काळजीसाठी महत्त्वाचं असेल, तर 'फील्स होमसिक अँड इज स्लीपिंग पुअरली' असं सरळ लिही. शरीराच्या दुखण्यासाठी 'डल एइक इन द लोअर बॅक फॉर थ्री वीक्स' हे उत्तम. जागा, जात आणि वेळ तिन्ही एका ओळीत आले. डलच्या जागी माइल्ड घालू नकोस. माइल्ड म्हणजे जोर कमी, डल म्हणजे धार नाही, या वेगळ्या गोष्टी.

बोलण्याच्या परीक्षेत दोन रोल-प्ले असतात, प्रत्येकी पाचेक मिनिटांचे. समोरचा माणूस पेशंट किंवा नातेवाईक होतो. तिथं हा दुसरा अर्थ येऊ शकतो. एखादे आजोबा म्हणतील, 'आय एम एइकिंग टू सी माय ग्रँडसन.' त्यावर लगेच 'ऑन अ स्केल ऑफ झीरो टू टेन' सुरू करू नकोस. 'यू मस्ट मिस हिम' म्हण आणि नातवाला भेटायला आणता येईल का ते विचार. आणि नुसतं 'आय एम एइकिंग' म्हणून ते थांबले तर 'कॅन यू शो मी व्हेअर?' विचार. बोट दाखवलं, तळवा फिरवला, का नुसती मान हलवली, त्यावरून पुढचा प्रश्न ठरव.